उंबरठा नसलेले घर

न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क या गावी एका टेकडीवर दगडी बांधणीचे लहानसे घर आहे. १९३८-३९ साली ते बांधले गेले. त्याच्या मुख्य मजल्यावर पायरी नाही आणि दारांना उंबरठे नाहीत. बसलेल्या माणसालाही बाहेरची झाडी दिसावी म्हणून खिडक्या खाली घेतल्या आहेत. ओसरीवरून अंगणात उतरण्यासाठी मातीचा भराव घालून सौम्य उतार केला आहे. १९३९ च्या जूनमध्ये इंग्लंडचे राजा-राणी या ओसरीवर वनभोजनास आले, तेव्हा यजमानांच्या आदरातिथ्याचे कौतुक सर्वत्र झाले. घराची रचना अशी का, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. घराचा आराखडा स्वतः यजमानांनी योजिला होता. ते होते अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट.

१८८२ साली धनाढ्य घराण्यात जन्मलेल्या रूझवेल्टांना १९२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, कॅम्पोबेलो बेटावर सुटीत असताना पोलिओने गाठले. कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. मुलाने आता वडिलोपार्जित मळ्यावर स्वस्थ राहावे, अशी आईची इच्छा होती. पत्नी एलिनॉर आणि राजकीय सहकारी लुइस हाऊ यांनी याच्या उलट आग्रह धरला, आणि खुद्द रूझवेल्टांचा कलही तिकडेच होता. पायांना पोलादी कॅलिपर बांधून, एक हात मुलाच्या दंडावर आणि दुसऱ्या हातात काठी, अशा रीतीने कंबर हेलकावत चार पावले टाकण्याची कला त्यांनी अपार कष्टाने साधली. १९२४ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील पक्षाच्या अधिवेशनात ते कुबड्यांवर व्यासपीठापर्यंत गेले. ते अंतर थोडेच होते, परंतु त्यांचे राजकीय पुनरागमन त्यातून झाले. १९२८ साली ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी, आणि पुढे चार वेळा अध्यक्षपदी निवडून आले.

पण चार पावलांवर राज्यकारभार चालत नाही. म्हणून ज्या ज्या वास्तूत त्यांचा वावर होई, ती वास्तू बदलावी लागे. रुग्णालयातील त्या काळच्या अवजड खुर्च्या घरच्या दारांतून जात नसत. तेव्हा स्वयंपाकघरातील साध्या, बिनहाताच्या खुर्चीला त्यांनी चाके बसवून घेतली. हाइड पार्कच्या वडिलोपार्जित घरात ट्रंका वर नेण्यासाठी एक लिफ्ट होती. तिच्यात बसून, दोर स्वतःच्या हातांनी ओढत ते वरच्या मजल्यावर जात. आग लागून वीज गेली तर अडकून पडू, या भयाने विजेची लिफ्ट त्यांनी नाकारली. त्यांची मोटार केवळ हातांनी चालविता येई. व्हाइट हाउसमध्ये त्यांच्यासाठी उतार बांधले गेले. १९३३ साली तेथे पोहण्याचा तलाव झाला, तोही एका वृत्तपत्राने लोकांकडून जमविलेल्या वर्गणीतून. पुढे १९७० साली त्याच तलावावर तक्तपोशी घालून वार्ताहरांची खोली करण्यात आली, हा योगायोग मौजेचाच म्हणावा लागेल. कारण ही सारी व्यवस्था वार्ताहरांना ठाऊक असूनही बहुतांशी अप्रकाशितच राहिली होती.

खुर्चीतील अध्यक्षांचे छायाचित्र घेऊ नये, असा दंडक होता. कोणी कॅमेरा उचललाच तर संरक्षक आड येत. १९३६ साली फिलाडेल्फियातील प्रचंड सभेत व्यासपीठाकडे जाताना कॅलिपरची कडी सुटून ते कोसळले. त्यांना उचलून उभे केले गेले, त्यांनी भाषणही केले. वृत्तपत्रांत त्या पडण्याचा उल्लेख आला नाही. मंदीने खचलेल्या राष्ट्रास उभ्या असलेल्या नेत्याची प्रतिमा हवी होती, हा त्यामागचा हिशेब समजण्याजोगा आहे. परंतु त्या लपवालपवीची किंमत इतरांना मोजावी लागली.

१९३५ साली न्यूयॉर्कमध्ये काही अपंग तरुण, त्यांतील अनेक पोलिओनेच पांगळे झालेले, सरकारी मदतकचेरीत ठाण मांडून बसले. बेकारांना कामे देण्याच्या सरकारी योजनांत अपंगांना कामास अपात्र ठरवून बाजूला सारले जात होते. ज्या शासनाचा प्रमुख स्वतः चाकाच्या खुर्चीतून देश चालवीत होता, त्याच शासनाच्या योजनांची ही कथा! रूझवेल्टांना अपंगांविषयी आस्था नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील उष्णोदकाचे स्थान त्यांनी १९२६ साली आपल्या संपत्तीचा मोठा भाग घालून विकत घेतले आणि तेथे उपचारकेंद्र काढले. तेथील वाटा, स्नानगृहे, भोजनगृह सर्व काही रुग्णांस सोयीचे होते. कृष्णवर्णीय रुग्णांना मात्र तेथे प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी १९४१ साली टस्कीगी येथे वेगळे केंद्र निघाले. १९३८ साली रूझवेल्टांनी स्थापिलेल्या प्रतिष्ठानाने दहा दहा सेंटांच्या देणग्या गोळा केल्या. त्याच पैशातून साल्क यांची पोलिओची लस सिद्ध झाली, आणि ती यशस्वी ठरल्याची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी, रूझवेल्टांच्या निधनास बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, करण्यात आली.

रोगाचा नायनाट करण्याचे हे कार्य थोरच. पण जे आधीच पांगळे झाले होते, त्यांच्यासमोर टपालकचेरीच्या, शाळेच्या, न्यायालयाच्या पायऱ्या तशाच उभ्या होत्या. हाइड पार्कच्या टेकडीवर जे घडले, ते सार्वजनिक इमारतीतही घडावे, असा नियम करण्याचे रूझवेल्टांच्या मनात कधी आले असल्यास त्याचा मागमूस त्यांच्या कारकीर्दीत उरलेला नाही. एकट्या माणसाची सोय नोकरचाकरांच्या व खजिन्याच्या बळावर होऊ शकते. बाकीच्यांना नियमच हवा असतो. तो नियम प्रथम १९६१ साली शब्दबद्ध झाला. एक फूट उंची चढावयाची तर उताराची लांबी किमान बारा फूट असावी आणि दार बत्तीस इंच मोकळे असावे, असे त्यात अंकांनिशी सांगितले होते. परंतु तो पाळणे ऐच्छिक होते. १९६८ च्या कायद्याने संघसरकारच्या इमारतींना सक्ती झाली, तर दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृहे यांच्यापर्यंत ती पोहोचण्यास १९९० साल उजाडले.

रूझवेल्ट स्वतः याविषयी अखेरपर्यंत मौनच बाळगून होते. अपवाद एकच. १ मार्च १९४५ रोजी याल्टाहून परतल्यावर काँग्रेसपुढे ते प्रथमच बसून बोलले, आणि पायांभोवतीच्या दहा पौंड पोलादाचा उल्लेख करून त्यांनी त्याबद्दल क्षमा मागितली. सहा आठवड्यांतच, १२ एप्रिल रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे त्यांचा अंत झाला.

१९९७ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांचे भव्य स्मारक खुले झाले. तेथील मुख्य पुतळ्यात त्यांची खुर्ची लांबरुंद झग्याखाली झाकली होती. मागे वाकून पाहिले तरच तिची लहान चाके दिसत. भिंतींवरील ब्रेल अक्षरे तर बोटांनी वाचता येऊ नयेत इतकी मोठी कोरलेली होती. अपंगांच्या संघटनांनी निदर्शने केली, आणि साडेसोळा लक्ष डॉलर जमा करून दुसरा पुतळा घडवून घेतला. २००१ च्या जानेवारीत तो स्मारकाच्या प्रवेशापाशी बसविण्यात आला. त्यात रूझवेल्ट आपल्या त्या बिनहाताच्या, चाके लावलेल्या खुर्चीत, कोणतेही पांघरूण न घेता बसले आहेत.