राजर्षींची लेक आणि सून

आपल्या राजारामपुरीस ज्यांचे नाव आहे ते छत्रपती राजाराम महाराज म्हणजे राजर्षी शाहू छत्रपतींचे थोरले चिरंजीव. या पेठेतील गल्ल्यांतून जाता-येता चिरंजीवांचे आणि त्यांच्या थोर पित्याचे नाव आपल्या तोंडी सहज येते. पण त्या पित्याच्या घरी एक लेक होती, एक सून होती, आणि दोघींच्याही संसाराची घडी अकाली विसकटली होती, हे आपल्यापैकी किती जणींच्या ध्यानी असते? राजर्षींचे चरित्र सांगताना वसतिगृहे, राधानगरीचे धरण, कुस्तीचे मैदान आणि १९०२ सालचा राखीव जागांचा हुकूम यांचा गौरव सर्वत्र होतो, आणि तो योग्यच आहे. स्त्रियांच्या मंडळाने मात्र त्यांच्याकडे एकदा माजघरातूनही पाहावे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. यशवंतराव हे त्यांचे पाळण्यातील नाव. तीन वर्षांचे होण्याच्या सुमारास त्यांच्या मातोश्री राधाबाई वारल्या. पुढे १८८४ साली चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाईसाहेब यांनी त्यांना दत्तक घेतले. म्हणजे ज्यांनी पुढे विधवांसाठी कायदा केला, त्यांना गादीवर आणणारी मातादेखील एक विधवाच होती! १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईसाहेबांशी त्यांचा विवाह झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे वधूचे वय लहानच होते. १८९४ साली महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि त्याच वर्षी ज्येष्ठ कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांचा जन्म झाला. दिवंगत मातोश्रींचेच नाव लेकीला ठेवले गेले.

अक्कासाहेबांचे लग्न १९०८ साली देवासचे राजे तुकोजीराव पवार यांच्याशी झाले. स्थळ तोलामोलाचे, लग्न थाटाचे, पोटी पुत्रही झाला. परंतु उभयतांचे जमले नाही आणि काही वर्षांतच अक्कासाहेब कोल्हापूरला परत आल्या. राजघराण्यातील लेक नांदावयाची सोडून माहेरी येते, तेव्हा किती जिभा हलत असतील याची कल्पना आपण गल्लीत राहणाऱ्या बायकांनी सहज करावी. महाराजांनी लेकीस दार बंद केले नाही. त्या इथेच मानाने राहिल्या. त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंह हे पुढे १९४७ साली दत्तक होऊन शहाजी महाराज या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले.

१९१७ साल उजाडले. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रसिद्ध हुकूम याच वर्षीचा. विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याचा आधार देणारा व त्याच्या नोंदणीची सोय करणारा करवीर संस्थानचा कायदाही याच वर्षीचा. त्याच वर्षी धाकटे राजपुत्र शिवाजी यांचे लग्न सासवडच्या जगताप घराण्यातील कन्येशी झाले. ह्याच इंदुमती राणीसाहेब. त्या वेळी त्या अवघ्या अकराव्या वर्षात होत्या.

आणि एका वर्षातच घाला पडला. जून १९१८ मध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून राजपुत्र शिवाजी मरण पावले. ज्या राजाने नुकताच विधवांसाठी कायदा केला होता, त्याच्याच वाड्यात अकरा वर्षांची सून विधवा झाली. दुसऱ्याच्या दुःखावर कायदा करणे आणि तेच दुःख आपल्या उंबऱ्याच्या आत पाहणे यांत किती अंतर आहे!

इंदुमती राणीसाहेबांचा पुनर्विवाह झाला नाही. महाराजांनी केले ते हे, की सुनेला अंधाऱ्या खोलीत कोंडून न ठेवता शिकावयास बसविले. घरच्या मंडळींची नाराजी त्यांनी पत्करली. कोल्हापूरबाहेर सोनतळी येथे तिची राहण्याची व अभ्यासाची व्यवस्था केली, आणि एकटे वाटू नये म्हणून निरनिराळ्या जातींच्या मुली सोबतीस व शिक्षणास ठेवल्या. त्या काळी विधवेने पुस्तक हाती धरणेच जेथे लोकांस खटकत होते, तेथे राजाची सून परजातीच्या मैत्रिणींसह धडे गिरवीत होती. पुढे याच इंदुमती राणीसाहेबांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी आपले आयुष्य वेचले. १९७१ साली त्यांचे निधन झाले.

पुत्रशोकाने महाराज खचले, पण काम थांबले नाही. १९१८-१९ च्या सुमारास आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहास मान्यता देणारा कायदा झाला. १९१९ साली स्त्रीला क्रूरपणे वागविणाऱ्यास शिक्षा देणारा आणि काडीमोडीविषयीचा असे कायदे आले. देवदासीच्या प्रथेस आळा घालणारा कायदा १९२० चा. भगिनींनो, काडीमोड ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. अनेक जातींत ती रूढीने चालतच होती, पण तिचा न्याय पंचांच्या मर्जीवर असे. काही जातींत तर बाईला कितीही सोसावे लागले तरी सुटकाच नसे. करवीर दरबाराने या प्रश्नास कायद्याची चौकट दिली. बडोदे संस्थानात घटस्फोटाचा कायदा १९३१ साली झाला, मुंबई इलाख्यात १९४७ साली, आणि साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा यावयास १९५५ साल उजाडावे लागले.

जे कायद्यात लिहिले ते आप्तांतही घडावे, असा महाराजांचा आग्रह असे. कागलच्या घाटगे घराण्यातील मुलगी इंदूरच्या होळकरांकडे देऊन मराठा-धनगर सोयरीक जुळवावी, असे त्यांनी योजिले. पण ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठेचाळिसाव्या वर्षात होते. तो विवाह त्यांच्या पश्चात, १९२४ साली पार पडला.

यानंतर काळ पुष्कळ बदलला. १९७६ पासून उभयतांच्या संमतीने घटस्फोट मिळू लागला, १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये आली, २००५ साली घरातील हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, आपले स्थळ आपण पाहू लागल्या. तरीसुद्धा शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावास २०२२ सालच्या मे महिन्यात, राजर्षींच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने, विधवेचे कुंकू पुसणे व बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव करावा लागला. ठराव झाला हे भूषणच. पण पुनर्विवाहाच्या कायद्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी तो करावा लागला, हेही विसरता येत नाही.

कारण कायदा राजा करतो, सरकार करते; हळदीकुंकवाचे आमंत्रण मात्र आपण करतो. लग्न मोडून परत आलेली लेक शेजारी राहावयास आली की तिच्या आईला आपण काय विचारतो, पती गेलेल्या मैत्रिणीला सुपारी फोडण्याच्या वेळी बोलावतो की टाळतो, हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते. मोडलेल्या संसाराला घाबरून कुणी संसार मांडावयाचे थांबत नाही, आणि थांबूही नये. पण मोडला तर त्या मुलीला उभे राहावयास जागा असली पाहिजे. राजर्षींनी ती जागा आधी स्वतःच्या घरात केली. परतलेल्या लेकीस माहेर दिले आणि विधवा सुनेस विद्या दिली.

आपल्या मंडळाच्या या वर्धापनदिनी अध्यक्षांच्या खुर्चीमागे महाराजांची तसबीर असेल आणि तिला हारही घातला जाईल. त्याबरोबर एवढेही करू या. पुढच्या हळदीकुंकवाची यादी लिहिताना गल्लीतील जी नावे आजवर सुटत आली, ती सर्वांत वर लिहू या.