भय्यासाहेब आंबेडकर : धम्मसंघटनेचे नेतृत्व आणि संवाद

वसईहून भिवंडीकडे जाणाऱ्या मार्गावरील कामण परिसराला बौद्ध परंपरेचा शेजार नवा नाही. त्याच वसई तालुक्यात सोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही हाती लागला. दक्षिणेस कान्हेरीची लेणी आहेत, पूर्वेस कल्याणचे प्राचीन बंदर. व्यापारी, भिक्खू आणि दानशूर उपासक यांच्या येण्याजाण्यातून हे जाळे विणले गेले होते व कालांतराने ते विरून गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशीच गावे आणि वस्त्या पुन्हा धम्माच्या सूत्रात बांधण्याचे कार्य ज्यांच्या वाट्याला आले, त्यांत यशवंत भीमराव ऊर्फ भय्यासाहेब आंबेडकर यांचे स्थान महत्त्वाचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुत्र एवढ्याच परिचयात ते बहुधा अडकून राहिले. वस्तुतः त्यांचे चरित्र हे एका संघटनेच्या घडणीचे चरित्र आहे.

भय्यासाहेबांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ रोजी मुंबईत झाला. बाबासाहेब आणि रमाबाई यांच्या अपत्यांपैकी तेच काय ते जगले. इतर चार भावंडांचा मृत्यू बालपणीच झाला. लहानपणापासून संधिवाताने त्यांना ग्रासले होते, आणि त्यामुळे शिक्षणाची वाटचाल खुंटली. वडिलांचे जीवन विद्याव्यासंग व चळवळ यांत गढलेले, तर घराचा भार आईवर. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. विद्वत्तेच्या वारशावर हक्क सांगावा अशी परिस्थिती त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. त्यांच्या पुढील कार्याचे स्वरूप समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

त्यांची जडणघडण व्यासपीठापेक्षा छापखान्यात अधिक झाली. मूकनायक (१९२०), बहिष्कृत भारत (१९२७) व जनता (१९३०) या पत्रांनी आंबेडकरी चळवळीला वाचा दिली होती. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी जनता पत्राचे प्रबुद्ध भारत असे नामांतर झाले. जनता आणि प्रबुद्ध भारत या पत्रांच्या संपादन-व्यवस्थापनात भय्यासाहेबांचा सहभाग होता. दादरच्या बुद्धभूषण छापखान्याची धुराही त्यांनी वाहिली. कागदाची तजवीज, वर्गणीची वसुली, अंक वेळेवर टपालात पडण्याची धडपड ही अशा पत्रांची नित्याची चिंता असे. तथापि विखुरलेल्या समाजाला एकाच वेळी एकच वार्ता पोहोचते, तेव्हाच तो स्वतःला एक समाज म्हणून ओळखू लागतो. गावातील एकाने अंक मोठ्याने वाचावा व इतरांनी ऐकावा, या रीतीमुळे निरक्षरही त्या संवादाचे भागीदार झाले.

४ मे १९५५ रोजी बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि त्यानंतर दोन महिने उलटण्यापूर्वीच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबर रोजी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, त्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत विशाल जनसमुदायाने तेथेच धम्मदीक्षा घेतली. शोकाचे रूपांतर निर्धारात झाले खरे, परंतु निर्धाराला संघटनेचे अधिष्ठान आवश्यक होते. महासभेच्या अध्यक्षपदाची जबाबदारी भय्यासाहेबांवर आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली.

या जबाबदारीची व्याप्ती आकड्यांवरून स्पष्ट होते. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. एवढ्या मोठ्या समाजाला विवाह, नामकरण, अंत्यविधी यांसाठी नवी रीत हवी होती. जुने विधी सोडले आणि नवे कोणी शिकविले नाहीत, तर मनुष्य नकळत जुन्याकडे वळतो. भिक्खूंची संख्या अत्यल्प असल्यामुळे गृहस्थ उपासकांमधूनच बौद्धाचार्य तयार करण्याचा मार्ग महासभेने स्वीकारला. गिरणीत वा कचेरीत काम करणारा मनुष्य सुट्टीच्या दिवशी आसपासच्या वस्तीत जाऊन त्रिशरण-पंचशील देऊ लागला. धर्माधिकार जन्माने नव्हे, तर शिक्षणाने प्राप्त होतो, हा विचार या व्यवस्थेतून प्रत्यक्षात उतरला. कामणसारख्या लहान गावाच्या दृष्टीने संघटना म्हणजे मुंबईतील कार्यालय नव्हे, तर दारी येणारा हा बौद्धाचार्यच होय.

राजकारणाचे चित्र मात्र निराळे होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष अल्पावधीतच गटातटांत विभागला. १९६० पासून काही वर्षे भय्यासाहेब विधान परिषदेचे सदस्य होते, त्यामुळे त्या ताणांपासून ते अलिप्त राहू शकले नाहीत. सभेत शेजारी बसणारे कार्यकर्ते निवडणुकीत परस्परांविरुद्ध उभे राहत, आणि धम्मकार्यालाही त्याची झळ पोहोचे. याशिवाय धर्मांतरितांच्या सवलतींचा प्रश्न होता. केंद्रीय पातळीवर बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती १९९० साली मिळाल्या. तोपर्यंत बौद्ध म्हणून नोंद करणे हे अनेक कुटुंबांच्या दृष्टीने त्यागाचे कृत्य होते. अशा काळात पक्षापेक्षा व्यापक असे एखादे स्थान समाजाला आवश्यक होते.

चैत्यभूमीच्या उभारणीकडे या संदर्भात पाहावयास हवे. दादरच्या अंत्यसंस्कारस्थळी स्तूप उभारण्यासाठी भय्यासाहेबांनी पुढाकार घेतला आणि निधी लोकांकडूनच गोळा केला. महू येथून मुंबईपर्यंत काढलेल्या भीमज्योतीने वाटेतील गावांना या कार्याशी जोडले. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते स्तूपाचे उद्घाटन झाले. कोणत्याही गटाचा मनुष्य ६ डिसेंबरला जेथे समान श्रद्धेने येतो, असे हे स्थान आहे. पक्षाला जे साधले नाही, ते लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूने काही अंशी साधले.

१७ सप्टेंबर १९७७ रोजी भय्यासाहेबांचे निधन झाले. त्यानंतर महासभेची धुरा मीराताईंकडे आली. नेतृत्व एकाच कुटुंबात राहिल्याने संघटनेला सातत्य लाभले, तशीच तिच्या अंतर्गत लोकशाहीविषयीची चर्चाही संभवली. या दोन्ही बाजूंचा विचार केल्याविना त्यांच्या कार्याचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही. थोर पित्याची प्रतिभा त्यांच्यापाशी नव्हती, आणि तिचा आव त्यांनी आणल्याचेही दिसत नाही. पत्र, बौद्धाचार्य आणि स्तूप या तीन साधनांनी त्यांनी विखुरलेल्या माणसांना परस्परांशी जोडले. दीक्षेचा क्षण एका दिवसाचा असतो. त्या क्षणाला पिढ्यांचे आयुष्य मिळावे म्हणून जे नेतृत्व लागते, ते बहुधा असेच अबोल असते.