डॉ. वसंत खानोलकर आणि गाठीच्या तुकड्यातली माहिती

समजा, धर्मापुरीत राहणाऱ्या तुमच्या 74 वर्षांच्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, रिपोर्ट आला. आता गाठीची जनुकीय तपासणी करायची का? वय झाले आहे, मग कशाला, असे तुम्हाला वाटेल. हा प्रश्न समजण्यासाठी एका मराठी डॉक्टरांची ओळख करून घ्या.

ते कोण होते?

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 1895 सालचा. लंडनमध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. करून ते मुंबईत परतले आणि वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. 1941 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. काढलेल्या गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन नीट तपासायचा आणि रुग्ण कोणत्या समाजातला, त्याच्या सवयी काय, हेही पाहायचे, ही त्यांची पद्धत. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावर त्यांनी काम केले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी 1949 मध्ये पीएच.डी. केली; पुढे त्यांनी स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा अभ्यास केला. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र खानोलकरांनी उभे केले. 1955 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज तोच तुकडा काय सांगतो?

तुमच्या वडिलांच्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्यावर चार प्रथिने तपासतात: एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6 आणि पीएमएस2. पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिने. यांतले एखादे नसेल, तर लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असू शकतो. तो असेल तर प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता 50 टक्के असते.

उतारवयात मात्र एक पेच आहे. एमएलएच1 नसण्याचे कारण या वयात बहुतेक वेळा आनुवंशिक नसते. वयानुसार गाठीतच ते जनुक बंद पडलेले असते. म्हणून बीआरएएफ किंवा मिथायलेशनची पुढची चाचणी करून दोन्ही वेगळे करतात.

कोणाची तपासणी नक्की व्हावी?

सर्वांचीच करावी, असे अनेक मार्गदर्शक सूचना सांगतात. ते शक्य नसेल तर 70 वर्षांपर्यंतच्या सर्वांची करतात. त्यावरील वयात पुढील गोष्टी असतील तर शंका वाढते:

- गाठ आतड्याच्या उजव्या भागात असणे
- रिपोर्टमध्ये म्युसिनस किंवा पूअरली डिफरन्शिएटेड असा उल्लेख
- रक्ताच्या नात्यात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, विशेषतः पन्नाशीच्या आत
- रुग्णाला आधीही असा कर्करोग झालेला असणे

तुम्ही काय कराल?

रिपोर्ट आणि मेणाचा ठोकळा जपून ठेवा; तपासणी नंतरही होऊ शकते. आजी, आत्या, मावशी, काका यांना कोणत्या वयात काय झाले, ते कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. निकालाचा उपयोग वडिलांनाही होतो: रोग पसरलेला असेल तर इम्युनोथेरपी लागू पडेल का, हे त्यावरून ठरते. आणि दोष आनुवंशिक निघाला, तर तुम्हाला व भावंडांना कोलोनोस्कोपी वेळेवर सुरू करता येते. गाठ होण्याआधीच ती थांबवण्याची हीच संधी असते.