आधी पॉवर वाढवली, मग चूक मान्य केली. मार्कोनीच्या यू-टर्नमुळे खडकी थेट इंग्लंडला जोडली गेली

निलंग्याच्या एखाद्या शिवारात रेंजची एकच काडी असली की बॅटरी भराभर उतरते. टॉवर लांब असला की फोनला जास्त पॉवर लावून सिग्नल पाठवावा लागतो. टॉवर जवळ आला की तोच फोनला पॉवर कमी करायला सांगतो.

गरजेपुरतीच पॉवर वापरायची, ही साधी गोष्ट समजायला बिनतारी संदेशाचा बादशहा मानल्या गेलेल्या माणसाला मात्र वीसेक वर्षं लागली. तो माणूस म्हणजे गुग्लिएल्मो मार्कोनी.

मार्कोनीचा जन्म 25 एप्रिल 1874 चा, इटलीतल्या बोलोन्याचा. 1895 मध्ये त्याने घराजवळच्या टेकडीपलीकडे बिनतारी सिग्नल पोचवला. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडला गेला. डिसेंबर 1901 मध्ये त्याने अटलांटिकपार सिग्नल ऐकल्याचं जाहीर केलं. त्यासाठी वापरलेल्या रिसीव्हरचं मूळ आपल्या जगदीशचंद्र बोस यांच्या संशोधनात होतं. 1909 मध्ये त्याला ब्राऊनसोबत नोबेल मिळालं.

पण इथेच गणित चुकलं. लांब जायचं तर लहर लांब हवी आणि पॉवर प्रचंड हवी, असं त्याने धरलं. सगळं जग त्याच्यामागे गेलं आणि अवाढव्य स्टेशनं उभी राहिली.

1923 मध्ये आपल्या ‘इलेत्रा’ या बोटीवर तो लघुलहरी तपासायला निघाला. त्याचा इंजिनिअर चार्ल्स फ्रँकलिन याने ॲंटेना अशी बनवली होती की सगळी पॉवर एकाच दिशेला जावी. बल्बऐवजी टॉर्च लावावी तसं. कमी पॉवरचा सिग्नलही हजारो किलोमीटर गेला.

मग ब्रिटिश सरकारने याच ‘बीम’ पद्धतीने साम्राज्य जोडायचं ठरवलं. 1927 मध्ये भारत-इंग्लंड सेवा सुरू झाली. संदेश खडकीहून जायचे, तिकडचे दौंडला उतरायचे. आपल्यामुळे सगळ्यांनी गरजेपेक्षा कितीतरी पट मोठी स्टेशनं बांधली, हे मार्कोनीने उघडपणे कबूल केलं.

त्याच्या नावावर एक डागही आहे. तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात होता. 20 जुलै 1937 रोजी रोममध्ये तो गेला, तेव्हा त्याला मानवंदना म्हणून ब्रिटनमध्ये रेडिओ दोन मिनिटं गप्प राहिला.

आज फाईव्ह-जीचा टॉवर सिग्नल चहूकडे उधळण्याऐवजी तुमच्या फोनच्या दिशेने वळवतो. तंत्र नवं आहे, पण मार्कोनीला उशिरा कळलेला धडा तोच.