विनोबांचा अखेरचा नकार

पवनारला धाम नदीच्या काठी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, आचार्य विनोबा भावे यांनी देह ठेवला. महिन्याच्या आरंभी हृदयविकाराचा झटका आला आणि काही दिवसांतच त्यांनी अन्न, पाणी व औषध घेण्याचे थांबविले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासह अनेकांनी गळ घातली. ती त्यांनी मानली नाही. इच्छामरणाच्या वादात या मृत्यूचा दाखला दोन्ही पक्षांना देता येतो, पण बहुधा तो अर्धाच दिला जातो.

उरलेला अर्धा भाग त्यांच्या चरित्रात आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या या बुद्धिमान मुलाने आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि काशीस गेला. तेथून तो गांधीजींकडे आला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्याने गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली. १९५१ साली पोचमपल्लीस शंभर एकरांचे पहिले दान मिळाले आणि पुढे सुमारे तेरा वर्षे पायपीट चालली. जमीन मागायची, नकार आला तर तोही ऐकायचा, बळजबरी करायची नाही, हीच त्यांची रीत. १९७० पासून त्यांनी पवनार न सोडण्याचे व्रत घेतले. पुढे वर्षभर मौनही पाळले. जैन तत्त्वज्ञानाचे सार सांगणारा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ त्यांच्याच आग्रहातून सिद्ध झाला. एकेक गोष्ट सोडीत आलेल्या या माणसाने शेवटी अन्न सोडले. त्याला वैफल्य म्हणणे अन्यायाचे होईल. आणीबाणीतील त्यांची भूमिका अनेकांना, प्रस्तुत लेखकालाही, पटली नाही. पण तो राग या मृत्यूच्या मोजमापात मिसळणे बरे नव्हे.

आपली गफलत नेमकी येथेच होते. १९६६ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनीही अन्न व औषध वर्ज्य करून प्राण सोडला. दोघांचे अनुयायी एकमेकांपासून किती दूर! एकाचा अंत समाधी आणि दुसऱ्याचा आत्मघात, असे जो म्हणतो, तो मरणाचा विचार करीत नाही. आपल्या गोटाचा करतो.

दुसऱ्या पक्षानेही एक गोष्ट विसरू नये. विनोबांनी कोणाकडे विष मागितले नाही, कोणा वैद्याचा हात त्यात गुंतविला नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असाध्य रुग्णाचे कृत्रिम उपचार अटींसह थांबविण्यास आणि तशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास मान्यता दिली. प्राणघातक औषध देण्यास मात्र दिली नाही. ती मागणी करणाऱ्याने आपली कारणे स्वतंत्रपणे मांडावीत, पवनारचा आधार घेऊ नये.

शिवाय विनोबांभोवती औषध घ्या म्हणून विनवणारी माणसे होती. पैसे संपले म्हणून नातलग ज्याला इस्पितळातून घरी नेतात, त्या म्हाताऱ्याच्या कागदावरही उपचारास नकार एवढेच लिहिलेले असते. त्याला मात्र कोणी काही विचारलेले नसते.