सुखी बेटाचा हकीम

मगरिबच्या अजानला थोडा अवकाश असतो. दस्तरख्वानावर खजुराशेजारी कलिंगडाच्या फोडी मांडलेल्या असतात. या कलिंगडावर आपल्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिणारा एक वैद्य सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या नगरच्या दरबारात येत-जात असे. तो मुसलमान नव्हता आणि हिंदूही नव्हता. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. पणजीतल्या एका बागेला त्याचे नाव मिळाले, जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला मानतात. नगरकरांच्या बोलण्यात मात्र तो क्वचितच येतो.

१५०१च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी त्याचा जन्म झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना हाकलले, तेव्हा ते पोर्तुगालात आले. तिथेही १४९७ मध्ये सक्तीने धर्मांतर झाले. म्हणजे हा मुलगा जन्मला ख्रिस्ती म्हणून, पण संशयाच्या सावलीत. सालामांका आणि अल्काला येथे तो वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात त्याने शिकवलेही. १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा याच्याबरोबर तो गोव्याला आला, तो पुन्हा परतलाच नाही.

नगरच्या गादीवर तेव्हा बुऱ्हाण निजामशाह होता. त्याच्या दरबारात शाह ताहिर यांच्यासारखे इराणी विद्वान होते, तर पेशवा कंवरसेन हा ब्राह्मण होता. अरब, तुर्क, इराणी हकीमही तिथे होते. त्यांच्यात हा फिरंगी वैद्य सामील झाला. राजा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवी आणि हा राजाला तीच नावे लॅटिनमध्ये सांगे. वर्षातले काही महिने नगरला राहावे म्हणून राजाने त्याला मोठी रक्कम देऊ केली होती. ती त्याने घेतली नाही, पण मैत्री सोडली नाही.

१५५४-५५च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने त्याला एक बेट खंडाने दिले. १५२९च्या स्वारीत तिथे उतरलेल्या सैनिकांना शिकार आणि विश्रांती मिळाली होती. त्यांनी बेटाला नाव दिले इल्या द बोआ व्हिदा, म्हणजे सुखी जीवनाचे बेट. कागदोपत्री ते मोंबाइम किंवा बोंबाइम. तीच आपली मुंबई. तिथल्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई, एकदा नाताळाच्या सुमारास आणि एकदा मे महिन्याच्या अखेरीस. पुढे इंग्रजांनी जिथे किल्ला बांधला, तिथेच त्याचा वाडा होता असे मानतात. सुखी बेट हे नाव आज कुणाच्या तोंडी नाही.

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचा ग्रंथ छापून झाला. हिंदुस्थानातील औषधी आणि वनस्पती यांवरचे पन्नासहून अधिक संवाद त्यात आहेत. ग्रीक पंडितांनी लिहिले म्हणून खरे, हे त्याला मान्य नव्हते. डोळ्यांनी पाहावे आणि इथल्या माणसांना विचारावे, ही त्याची रीत. म्हणून पटकीबद्दल लिहिताना तो अरबी हैजा नोंदवतो आणि आपली मोडशीही नोंदवतो. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द असा गोव्याच्या छापखान्यात पोहोचला. १५६७ मध्ये ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला निघाला आणि युरोपभर वाचला गेला.

पण इतरांची नावे इतक्या निष्ठेने लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराण्याचे नाव उघडपणे घेता आले नाही. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. नातलगांच्या जबान्यांवरून तोही मनाने यहुदीच राहिल्याचे ठरले आणि १५८० मध्ये त्याची हाडे कबरीतून काढून जाळली गेली.

ज्या राजाने त्याला अरबी शब्द शिकवले, तो त्याच्या धर्माचा नव्हता. ज्यांनी त्याची हाडे जाळली, ते त्याला आपल्याच धर्माचा म्हणवत होते. बुऱ्हाणच्या काळात सारे गोडीगुलाबीचे होते असे नाही, लढाया होत्या, दरबारी कारस्थाने होती. तरीही एका वैद्याला आणि एका राजाला एकमेकांचे शब्द शिकायला बसता येईल, एवढी जागा या गावात होती.

आज इफ्तारच्या वेळी आपली दारे उघडी असतात. शेजारी येतात, कलिंगडाची फोड उचलतात. आपली प्रार्थना लपवावी लागत नाही, ही केवढी नेमत आहे, हे गार्सियाला विचारायला हवे होते.