फाळक्यांचा वाटाणा

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की हॉस्टेलवर एकच चर्चा : ओळखी हव्यात बुवा! पण ओळखी होतात कशा?

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब, आपल्या त्र्यंबकेश्वरचे. जन्म १८७०. चाळिशी उलटल्यावर, १९११ साली मुंबईत येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना ध्यास लागला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं. ओळखीचं कुणी नाही. सरळ 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या ऑफिसात शिरले. संपादक कॅबर्न यांनी आधी नाउमेद केलं, पण जिद्द पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली.

कॅमेरा घेऊन परतले. आता भांडवल? फाळक्यांनी नुसत्या गप्पा मारल्या नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर काही क्षणांत रोप वाढलं! बघणाऱ्यांचा विश्वास बसला, पैसा मिळाला. सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच वर्षी कंपनी नाशिकला आली.

विद्या त्यांनी लपवली नाही. चित्रपट कसे तयार होतात यावर चित्रपटच काढला, 'नवयुग' मासिकात लेख लिहिले. पुढे बोलपट आले, फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच गेले, जवळजवळ विस्मृतीत. पण १९६९ पासून देशाचा चित्रपटातला सर्वोच्च पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

तेव्हा मित्रांनो, रिझ्युमे सजवू सावकाश. आधी सांगा, तुमचा वाटाणा पेरलात का?